गाडीवरचा मल्टिबँड स्कॅनर अँटेना: बदलण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनला राहता, टोयोटाची राव-फोर चालवता. डॅशबोर्डखाली युनिडेनचा बीसीडी-५३६एचपी स्कॅनर, म्हणजे वायरलेसवरचं बोलणं नुसतं ऐकायचा संच आहे. टपाच्या अगदी मागच्या कडेला चुंबकी बैठकीवर १५०/४५०/८०० मेगाहर्ट्झ असा तीन बँडचा अँटेना आहे आणि त्याची केबल मागच्या दारातून आत घेतली आहे. तक्रारी तीन. ७००-८०० मेगाहर्ट्झच्या डिजिटल यंत्रणांवर सिग्नलचे दांडे पूर्ण भरलेले दिसतात, पण आवाज तुटतो. विमानांचं बोलणं गाडी बंद असताना स्वच्छ येतं आणि इंजिन चालू केलं की खरखरतं. रेल्वेचं १६० मेगाहर्ट्झवरचं बोलणं कधी येतं, कधी नाही. वर घरातला जुना हँडहेल्ड आपल्या रबरी अँटेनावर हे सगळं याहून चांगलं ऐकवतो. मग जास्त गेनचा, म्हणजे जास्त सिग्नल ओढणारा अँटेना घ्यावा की प्रीअँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारा डबा लावावा, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता दोन्ही नको. मी इथेच टॅक्सी, टो-ट्रक आणि स्वयंसेवक अग्निशमन दलांच्या गाड्यांमध्ये वायरलेस बसवतो. माणूस अँटेना बदलायला म्हणून येतो, पण दोष बहुतेक वेळा अँटेनात नसतोच. तो असतो अँटेनाच्या जागेत, केबलमध्ये, गाडीतल्या एखाद्या स्वस्त चार्जरमध्ये, नाहीतर सिग्नल गरजेपेक्षा जास्त असण्यात. तुमच्या तीन तक्रारींची कारणंही तीन वेगळी आहेत. एकच वस्तू विकत घेऊन तिन्ही सुटणार नाहीत. एखादी वाढेल मात्र नक्की.

आधी हा अँटेना काय करू शकतो ते बघू. पाव तरंगलांबीच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये काढायची तर ७५ ला मेगाहर्ट्झने भागायचं. धातूच्या काडीत ती प्रत्यक्षात चार-पाच टक्के कमी भरते. १५५ मेगाहर्ट्झला साधारण ४६ सेंटिमीटर, ४६० ला साडेपंधरा, ८५० ला जेमतेम साडेआठ. एकाच काडीला ही तिन्ही कामं करायला लावायची म्हणून मध्ये गुंडाळी टाकतात. तिच्यामुळे वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या बँडवर वेगवेगळे वागतात. लार्सनसारख्या नावाजलेल्या कंपनीचा तीन बँडचा अँटेना हे काम प्रामाणिकपणे करतो, पण ज्या बँडसाठी तो कापलाय तिथेच. विमानांचा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा बँड त्याच्या नावात नाही. न्यूयॉर्क परिसरात पोलीस-अग्निशमनाचं बरंच बोलणं ४७० ते ५१२ मध्ये चालतं, त्याला इथले लोक टी-बँड म्हणतात. तोही नावात नाही. तिथे हा अँटेना चालतो, पण ओढूनताणून.

हे ऐकून लगेच घाबरायचं नाही. अँटेना जुळत नसला की किती नुकसान होतं त्याचा हिशेब करून बघा. स्टँडिंग वेव्ह रेशो (जुळणी किती बिघडली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे अचूक) २ असेल तर अर्धा डेसिबल (तीन डेसिबल म्हणजे निम्मी ताकद) जातो, ३ असेल तर सव्वा डेसिबल. प्रसारण करणाऱ्याला हे आकडे झोंबतात, कारण परत आलेली ताकद ट्रान्समीटरला त्रास देते. नुसतं ऐकणाऱ्याला सव्वा डेसिबल कानाला कळतही नाही. हल्ली नॅनो-व्हीएनए नावाचं अँटेना मोजायचं स्वस्त यंत्र घेऊन लोक आलेख काढतात आणि रात्रभर अस्वस्थ होतात. ऐकण्यासाठी तेवढी गरज नाही.

आता तपासणी. त्यासाठी सतत चालू असणारा सिग्नल लागतो. अधूनमधून बोलणाऱ्या चॅनेलवर काही बदल केला तरी तो तुमच्यामुळे सुधारला की समोरचा जवळ आला, ते कळत नाही. व्हीएचएफसाठी, म्हणजे इथे १५०-१६० च्या बँडसाठी, हवामान खात्याचं रेडिओ प्रसारण उत्तम. ते १६२.४०० ते १६२.५५० या सात चॅनेलवर देशभर चोवीस तास चालतं. न्यूयॉर्कचं केंद्र १६२.५५० वर आहे. जवळचं केंद्र फार जोरात येत असेल तर मुद्दाम लांबचं, जेमतेम ऐकू येणारं निवडा. फरक तिथेच कळतो. विमान बँडसाठी एखाद्या विमानतळाचं एटिस, म्हणजे सारखं फिरून वाजणारं ध्वनिमुद्रित निवेदन. ७००-८०० साठी ट्रंकिंग यंत्रणेचा, म्हणजे मोजक्या फ्रिक्वेन्सी अनेक गटांत वाटून देणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोल चॅनेल, तोही अखंड चालू असतो.

एक छोटी वस्तू मात्र आत्ताच मागवा: स्कॅनरच्या अँटेना-सॉकेटला बसणारा, बीएनसी टोकाचा ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे काहीच न पकडणारा खोटा अँटेना, बाजारात स्वस्तात मिळतो. गाडी मोकळ्या जागी लावा, इंजिन बंद. स्कॅनर विमान बँडच्या एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर एएममध्ये ठेवा, स्क्वेल्च, म्हणजे रिकाम्या चॅनेलची खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडा. अँटेना काढून डमी लोड लावा आणि शूं असा जो आवाज येतो तो नीट ऐका. ती तुमच्या स्कॅनरची स्वतःची खरखर. आता पुन्हा अँटेना लावा. आवाज वाढला तर ती भर बाहेरून आलेली आहे. मग इंजिन सुरू करा, दिवे लावा, एसी लावा, फोन चार्जिंगला लावा. प्रत्येक वेळी आवाज किती चढतो ते बघा.

या साध्या प्रयोगात अर्धं उत्तर आहे. अँटेना लावल्याबरोबर खरखर चढत असेल, तर त्या बँडवर तुमची मर्यादा स्कॅनर किंवा केबल नाही, बाहेरचा गोंगाट आहे. अशा ठिकाणी प्रीअँप लावला की सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच मोठा होतो, हाती काही लागत नाही. महागडी केबलसुद्धा तिथे वाया. उलट ८०० वर अँटेना लावून आणि काढून खरखरीत फारसा फरक पडत नसेल, तर तिथे केबलमध्ये वाचवलेला प्रत्येक डेसिबल कामाचा. साधारणपणे असंच निघतं: खालच्या बँडवर गोंगाट आवरायचा, वरच्या बँडवर केबल आणि जागा सुधारायची.

तुमच्या विमानांच्या तक्रारीचं उत्तर याच प्रयोगात मिळेल. विमान दहा हजार मीटर उंचीवर असेल तर त्याचं क्षितिज चारशे किलोमीटरवर असतं. मध्ये डोंगर नाही, इमारत नाही. सिग्नल भरपूर. म्हणूनच जुळत नसलेल्या अँटेनावरही इंजिन बंद असताना ते स्वच्छ येतं. पण विमानाचं बोलणं एएममध्ये असतं आणि ठिणगीचा, कन्व्हर्टरचा, मोटरचा प्रत्येक आवाज एएममध्ये जसाच्या तसा उतरतो. म्हणून अँटेना सोडा आणि गोंगाट शोधा.

शोधायचा कसा ते सांगतो, कारण इथे लोक अंदाजाने फेराइटचे, म्हणजे वायरीवरचा गोंगाट अडवणारे चुंबकीय मिश्रणाचे तुकडे लावत सुटतात. स्क्वेल्च उघडा ठेवून इंजिन सुरू करा. खरखर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत-उतरत असेल, शिट्टीसारखी वर सरकत असेल, तर ती आल्टरनेटरची, आणि बहुधा स्कॅनरच्या वीजवायरमधून येते. अँटेना काढल्यावरही ती राहिली तर खात्रीच. फेऱ्यांशी संबंध नसेल तर एकेक उपकरण बंद करत जा. नुसतं बटण दाबून नव्हे, सॉकेटमधून उपटून. डॅशकॅम, फोनचा यूएसबी चार्जर, नंतर बसवलेल्या एलईडी पट्ट्या, टोल टॅगशेजारचं काहीतरी. डॅशकॅम हा हल्लीचा मोठा गुन्हेगार. कॅमेरा काचेवर, त्याची बारीक वायर काचेच्या कडेने टपाच्या अस्तरात घुसवलेली आणि तिथून सरळ तुमच्या अँटेनाच्या केबलला बिलगून मागे जाणारी. त्याच्या चार्जरमधला कन्व्हर्टर जो कचरा ओकतो तो ती वायर अँटेनासारखी बाहेर फेकते. कॅमेरा उपटल्याबरोबर १६० वरची रेल्वे जिवंत झाली, असं मी किती गाड्यांत ऐकलंय. तुमची ‘कधी येतं, कधी नाही’ ही तक्रार मला याच जातीची वाटते: कॅमेरा चित्रीकरण करत असतो तेव्हा नाही, थांबतो तेव्हा येतं. तपासून बघा.

चोर सापडला की उपाय सोपा. आधी चार्जर बदला. चांगला चार्जर हा सगळ्यात स्वस्त फिल्टर. मग वायर अँटेनाच्या केबलपासून दूर न्या. तरी उरलं तर फेराइट, पण कोणतंही उचलून नाही. विमान आणि व्हीएचएफ बँडसाठी ४३ नंबरचं मिश्रण, ४०० च्या वर ६१ नंबरचं. ३१ नंबर मुख्यतः लघुलहरींसाठी, पण दुकानात तोच पुढे केला जातो. फेराइट त्रास देणाऱ्या उपकरणाच्या अगदी तोंडाशी लावा आणि वायर त्यातून दोन-तीनदा फिरवा. लांब वायरच्या मधोमध एकटा अडकवलेला तुकडा शोभेचा.

स्कॅनरला वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेत असाल तर फ्यूजबॉक्समधून वेगळी ओढा. स्कॅनर एक अँपियरच्या आसपास घेतो, छोटा फ्यूज पुरतो. ऋण वायर बॅटरीच्या टोकावर थेट जोडू नका. नव्या गाड्यांत त्या टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि त्याला बगल दिली की गाडीच्या संगणकाचा हिशेब चुकतो. जवळच्या पत्र्यावर कंपनीने दिलेल्या ग्राउंड बोल्टला जोडा.

आता जागा. टपाच्या मागच्या कडेला अँटेना छान दिसतो, फॅक्टरीतून आल्यासारखा. पण पाव तरंगलांबीचा अँटेना अर्धाच असतो. उरलेलं अर्धं काम खालचा पत्रा करतो. हा पत्रा अँटेनाच्या चारही बाजूंना निदान पाव तरंगलांबी पसरलेला हवा. १५५ ला सगळीकडून अर्धा मीटरभर, ८५० ला फक्त नऊ सेंटिमीटर. टपाची रुंदी एक ते सव्वा मीटर असते, म्हणजे व्हीएचएफला पुरेसा पत्रा फक्त मधोमध मिळतो. कडेला ठेवला की ज्या बाजूला पत्रा जास्त, तिकडचं चांगलं ऐकू येतं. तुमचा अँटेना पुढच्या दिशेने बरा आणि मागच्या दिशेने बहिरा झालाय. रेल्वे गाडीच्या मागे असताना तुम्हाला ती कमी येते का, हेही बघा. रस्ता वळतो तशी गाडीची दिशा बदलते आणि आपल्याला वाटतं सिग्नल लहरी आहे.

टपाच्या मधोमध सरकवा, फुकटात जेवढी सुधारणा होते तेवढी विकत घेऊन होत नाही. कडेच्या रूळपट्ट्या आणि सामान बांधायच्या आडव्या दांड्यांपासून लांब ठेवा. उभ्या काडीशेजारी आडवा धातू असला की ८०० वर कुठल्या दिशेने किती ऐकू येतं ते गणित विस्कटतं. गाडीच्या स्वतःच्या, मागच्या शार्क-फिन अँटेनापासूनही हातभर अंतर असू द्या. तुमच्या गाडीचा टप काचेचा असेल तर मात्र पंचाईत आहे. काचेला ना चुंबक चिकटतो, ना ती पत्र्याचं काम करते. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० वाल्यांची वेगळी पंचाईत: पत्रा आहे, पण ॲल्युमिनियमचा, चुंबक धरत नाही. काचेला आतून-बाहेरून चिकटवायचे अँटेना मी कुणालाच सुचवत नाही. काचेतून सिग्नल पलीकडे नेतानाच बरंच गळतं, आणि हल्लीच्या काचांमध्ये उष्णता अडवायला धातूचा पातळ थर असतो, तो उरलंसुरलं खातो. काचेच्या टपाच्या गाडीला बॉनेटच्या कडेला क्लॅम्प लावून बसवलेला अँटेना बरा. फक्त बॉनेटचं बिजागर वीज नीट वाहून नेत नाही, म्हणून बॉनेट आणि बॉडी जाड विणीच्या पट्टीने जोडावी लागते. डिकीच्या दारालाही तेच.

चुंबक की भोक? चुंबकी बैठक पत्र्याला प्रत्यक्ष टेकत नाही, रंगाच्या थरातून कपॅसिटरसारखी जोडली जाते. १५० च्या वर हे पुरेसं चालतं, म्हणून मल्टिमीटरवर बैठक आणि पत्रा यांच्यात जोडणी दिसत नाही म्हणून घाबरू नका. ३०-५० मेगाहर्ट्झच्या लो-बँडला मात्र ही जोडणी तोकडी पडते. कॅलिफोर्नियाची हायवे पोलीस अजून त्या बँडवर बोलते. तिकडच्या मंडळींना भोक पाडण्यावाचून फारसा इलाज नाही. चुंबकाखाली वाळूचा कण अडकला की रंगावर गोल ओरखडा पडतो, एवढा एक दोष लक्षात ठेवा आणि अधूनमधून उचलून पुसा.

गाडी दहा वर्षं ठेवणार असाल तर एनएमओ बैठकीसाठी, म्हणजे टपात कायमच्या बसणाऱ्या प्रमाणित बैठकीसाठी, भोक पाडा. तीन चतुर्थांश इंचाचं, म्हणजे १९ मिलिमीटरचं. गाडी परत विकायच्या भीतीने लोक कचरतात. पण भोकावर रबरी टोपी बसते आणि पाणी आत जात नाही. मी हे करतो ते असं. आधी आतल्या दिव्याची चौकट काढून अस्तर थोडं खाली घेतो आणि हाताने चाचपतो: पत्र्याखालची आडवी पट्टी कुठे आहे, वायरी कुठे आहेत, कडेने जाणारी पडद्याची एअरबॅग किती लांब आहे. मधोमध पट्टीच असेल तर चार बोटं पुढे-मागे सरकतो. वरून रंगाच्या चिकटपट्टीवर खूण, बारीक ड्रिलने वाटाड्या भोक, मग खोलीला अटकाव असलेली खास गोल करवत, म्हणजे ती एकदम खाली घुसून अस्तर फाडत नाही. भोकाची धार कानसीने मारायची. लोखंडाचा कीस चुंबकाने आणि व्हॅक्यूमने पूर्ण उचलायचा, कारण टपावर राहिलेला एकेक कण पहिल्याच पावसात गंजाचा ठिपका होतो. आता खरी गोष्ट: भोकाच्या खालच्या बाजूला, बैठकीचे दात जिथे पत्र्याला चावणार तेवढाच रंग खरवडायचा. हे वगळलं की बैठक घट्ट बसते, दिसायला छान, आणि ग्राउंड मात्र मिळत नाही. शेवटी अँटेना न लावता मल्टिमीटरने बघायचं: बैठकीचं बाहेरचं कडं आणि गाडीचा पत्रा यांच्यात एक ओहमहून कमी, मधली टाचणी आणि कडं यांच्यात जोडणी नाही. अँटेना लावून हे तपासू नका. मल्टिबँड अँटेनाच्या तळाशी पुष्कळदा गुंडाळी असते आणि ती डीसीला शॉर्ट दाखवते. लोक त्यावरून बैठक खराब म्हणून फेकून देतात.

केबलबद्दल. चुंबकी बैठकीबरोबर बहुधा आरजी-५८ येते, स्वस्तातल्या बैठकीबरोबर त्याहून बारीक आरजी-१७४. पाच मीटर आरजी-५८ मध्ये १५० वर सुमारे एक डेसिबल जातो, ४५० वर पावणेदोनच्या आसपास, ८५० वर अडीच-तीन. म्हणजे ८५० वर अँटेनाने पकडलेली जवळजवळ निम्मी ताकद स्कॅनरपर्यंत पोचतच नाही. आरजी-१७४ मध्ये तिथेच साडेचार-पाच डेसिबल जातात. त्यापेक्षा जाड एलएमआर-२४० असेल तर सव्वा. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे केबल कापून छोटी करणं. सीटखाली गुंडाळून ठेवलेलं दोन मीटरचं भेंडोळं नुसतंच सिग्नल खात असतं. दारातून केबल आत घेताना ती रबरी पट्टीच्या मऊ भागातून न्या, कुलपाच्या किंवा बिजागराच्या बाजूने नाही. वर्षभर दार आपटून केबल चपटी झाली की बाहेरून काही दिसत नाही, आत जाळी तुटलेली असते. दारात शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, नाहीतर पावसाचं पाणी तिच्यावरून सरळ अस्तरात उतरतं. आतमध्ये ती खांबाच्या आवरणातून नेत असाल तर एअरबॅगच्या मागून, पुढून कधीच नाही.

आता पहिली तक्रार, दांडे भरलेले आणि आवाज तुटलेला. इथे मी सावकाश सांगणार आहे, कारण सगळे पैसे इथेच वाया जातात.

७००-८०० च्या बऱ्याच सार्वजनिक यंत्रणा सायमलकास्ट असतात. अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच बोलतात, म्हणजे अख्ख्या काउंटीत थोड्या फ्रिक्वेन्सीत भागतं. तुम्ही दोन टॉवरच्या मध्ये असलात की दोन्हींचा तोच सिग्नल तुमच्याकडे थोड्या वेगवेगळ्या वेळी पोचतो. पी-२५ या सार्वजनिक सुरक्षेच्या डिजिटल पद्धतीच्या पहिल्या पिढीत सेकंदाला ४८०० चिन्हं जातात, एक चिन्ह सुमारे २०८ मायक्रोसेकंदांचं. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. एका टॉवरचा रस्ता दुसऱ्याहून पंधरा किलोमीटर लांब असेल तर पन्नास मायक्रोसेकंदांची तफावत पडते, म्हणजे पाव चिन्ह. एका चिन्हाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावर येतं. शिवाय सायमलकास्टसाठी वापरलेलं मॉड्युलेशन (माहिती लहरीवर चढवायची पद्धत) साध्या एफएम डिस्क्रिमिनेटरने, म्हणजे स्कॅनरमधल्या नेहमीच्या उलगडणाऱ्या भागाने, नीट सुटत नाही. यंत्रणेच्या स्वतःच्या महागड्या संचात त्यासाठी वेगळी रचना असते. ५३६एचपीच्या पिढीतल्या स्कॅनरमध्ये ती नाही. सिग्नलचे दांडे फक्त ताकद मोजतात, शुद्धता नाही. म्हणून दांडे भरलेले आणि शब्द गायब.

आणि म्हणूनच तुमचा हँडहेल्ड घरात चांगला चालतो. भिंती आणि बुटका रबरी अँटेना मिळून लांबचा टॉवर दाबतात, जवळचा एकटा उरतो, सगळं स्वच्छ. टपावरचा चांगला अँटेना मात्र सगळेच टॉवर निष्ठेने स्कॅनरपुढे आणून टाकतो. इथे गेन वाढवणं म्हणजे भांडणाऱ्या सगळ्यांच्या हातात माइक देणं.

मग काय करायचं? स्कॅनरमधला अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल मुद्दाम कमी करणारी सोय, त्या यंत्रणेपुरता चालू करून बघा. सुधारणा झाली तर निदान पक्कं. ७००-८०० साठी वेगळा साडेआठ-नऊ सेंटिमीटरचा साधा पाव तरंगलांबीचा अँटेना लावा, तोही मुद्दाम कमी चांगल्या जागी, पुढच्या किंवा मागच्या कडेजवळ. उभ्या गाडीत वीतभर सरकलं तरी चित्र बदलतं, कारण ८५० वर अर्धी तरंगलांबी फक्त १७-१८ सेंटिमीटर असते. पण चालत्या गाडीत ते आपल्या हातात नाही. खरा इलाज म्हणजे आयक्यू पद्धतीने, म्हणजे लहरीची ताकद आणि कला दोन्ही मोजून, सिग्नल घेणारा स्कॅनर. युनिडेनचे एसडीएस-१०० आणि एसडीएस-२०० याचसाठी निघाले. महाग आहेत, खरं. पण अँटेना, प्रीअँप आणि केबल यांवर तुकड्यातुकड्याने घातलेले पैसे बेरजेला तिथेच पोचतात.

तुटण्याचं दुसरं एक कारण आहे, आणि ते ठरावीक चौकांत येतं. ७०० मध्ये सुरक्षा यंत्रणांचा भाग ७६९ ते ७७५, आणि त्याच्या अगदी खाली ७५८ ते ७६८ मध्ये फर्स्टनेटचे (पोलीस-अग्निशमनासाठीच्या खास मोबाइल जाळ्याचे) टॉवर ओरडत असतात. ८०० मध्ये ८५१ च्या वर थोड्याच अंतरावर, ८६९ पासून, पुन्हा मोबाइल टॉवर. स्कॅनरचं तोंड रुंद असतं, त्याला शेजारी वेगळे करता येत नाहीत. मोबाइल टॉवरखालून जाताना आवाज तुटतो आणि दोनशे मीटर पुढे नीट होतो, तर हे समजा. इथेही औषध अटेन्युएटर. मॅनहॅटनमध्ये शिरलात की खालच्या बँडवर हाच प्रकार एफएम केंद्रं करतात. एम्पायर स्टेट बिल्डिंगवर त्यांची गर्दी आहे. ८८ ते १०८ अडवणारा एफएम नॉच फिल्टर स्कॅनर आणि अँटेनाच्या मध्ये लावा. छोटासा असतो, आणि चांगला फरक पाडतो. प्रीअँपचा प्रश्न इथे आपोआप निकालात निघतो.

टी-बँड ऐकायचा असेल तर एक जुना, साधा मार्ग सांगतो: ४६ सेंटिमीटरची गुंडाळी नसलेली सरळ काडी. १५५ ला ती पाव तरंगलांबी, आणि तिप्पट फ्रिक्वेन्सीला, म्हणजे ४६५ च्या आसपास, पाऊण तरंगलांबी होते, तिथेही जुळते. पाऊण तरंगलांबीला तिची नजर थोडी वर असते, क्षितिजाकडे कमी. सपाट मुलखात हे नुकसान, उंच इमारतींवरच्या रिपीटरना, म्हणजे आलेलं बोलणं पुढे फेकणाऱ्या संचांना, मात्र चालून जातं. ती दोन सेंटिमीटर कापली की ४८०-४९० कडे सरकते. ही काडी व्हीएचएफ, विमान आणि यूएचएफला (४५० ते ५१२) टपाच्या मधोमध, आणि ८०० ची बुटकी काडी वेगळी; तुमच्या गाडीला मी हीच जोडी बसवीन. दोन अँटेना टी कनेक्टरने एकत्र मात्र करू नका, दोघंही एकमेकांना बिघडवतात. मध्ये डायप्लेक्सर हवा, म्हणजे प्रत्येकाचा बँड वेगळा राहतो.

अपेक्षाही जरा जमिनीवर ठेवा. टपावरच्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज साडेपाच किलोमीटरच्या आसपास, ५० मीटरच्या टॉवरचं २९. दोन्ही मिळून ३४-३५. पण आगीच्या जागेवर जवान हातातल्या संचावर एकमेकांशी थेट बोलतात तेव्हा समोरचा अँटेना छातीच्या उंचीवर असतो, आणि बेरीज सपाटीवरसुद्धा दहाच किलोमीटर भरते. मध्ये घरं-इमारती धरल्या तर दोन-तीन. ते बोलणं पुढच्या गावातून येत नाही, त्यात कुठलाच अँटेना काही करू शकत नाही. सांकेतिक लॉक लावलेली चॅनेलंही अँटेनाने उघडत नाहीत. न्यूयॉर्क शहर पोलिसांनी २०२३ पासून तिकडे वळायला सुरुवात केली आहे.

आणि गाडी घेऊन न्यूयॉर्क राज्यात जात असाल तर तिथल्या वाहन कायद्याचं कलम ३९७ वाचा. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी घेणारा संच परवानगीशिवाय गाडीत बसवणं तिथे गुन्हा आहे. हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या परवानाधारकांना सूट आहे, पण तिच्या अटी अरुंद आहेत. इतरही काही राज्यांत असे नियम आहेत. जर्सीत चालतं म्हणून पूल ओलांडल्यावर चालेल असं नाही.

जुना हँडहेल्ड नाशिकला भावाला पाठवू का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नका पाठवू. भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून असा संच परवान्याशिवाय बाळगता येत नाही, मग तो नुसता ऐकण्याचा का असेना; तो कस्टममध्येच अडकेल. भावाला खरंच गोडी असेल तर त्याला हॅमची परीक्षा द्यायला सांगा, परवाना केंद्राच्या दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा देते. पुढे तो १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर स्वतः बोलेल, आणि टपावर मधोमध कुठे भोक पाडायचं हे तेव्हा त्याला तुम्हीच सांगाल.